दाताखालचा नंबर

दाणा चावायचा धंदा एकदा केला की तोंड आयुष्यभर गप्प बसत नाही. आमच्या भोरच्या धान्य-डेपोत रोज संध्याकाळी पोती गोदामात जायची आणि किस्से मात्र उरायचे. त्यांना गोदाम नव्हतं, म्हणून ते आम्ही घरी न्यायचो.

लढाईचे दिवस होते, रेशनिंग आलेलं. भात, नाचणी, भुईमूग, खुरासणी असं काय काय बैलगाड्यांतून डेपोवर यायचं. माल बघून त्याला नंबर द्यायचा, हे काम मला तात्या शिकवत. तात्या म्हणजे आमचे मुख्य तपासनीस. बोलणं कमी, चावणं जास्त! मी उमेदवार. तात्यांनी "कायम" म्हटलं तरच नोकरी. आणि नोकरी असली तरच लग्न! कारण कामथडीच्या मारुतीअण्णांनी मुलगी दाखवली आणि मला तोंडावर सांगितलं, "कच्च्या नोकरीला आमी पोरगी देत न्हाई." मुलगी मला फार आवडली होती. त्यामुळे मी अगदी जीव तोडून दाणे चावत होतो.

*

पहिल्याच दिवशी तात्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि तोंडात एक दाणा ठेवला.

"काय आहे?"

"तांदूळ," मी म्हणालो.

"ते गाईलाही कळतं. सुकलाय की ओला आहे?"

मी घाबरलो आणि दाणा गिळून टाकला.

तात्या शांतपणे म्हणाले, "आता नंबर कोण देणार? पोट?"

*

भुईमुगाची शेंग कानाशी धरून हलवायची. चांगली वाळलेली असली की आत दाणे खुळखुळतात, ओली असली की मुकी राहते. सारोळ्याच्या एका म्हातारीच्या शेंगा मी अशाच एकेक करून कानाला लावत होतो. तिनं बराच वेळ माझ्याकडं कळवळून पाहिलं. मग माझ्या कानाशी तोंड आणून सगळा डेपो दचकेल अशी ओरडली, "लेकरा, लई दिस झालं का ऐकू येत न्हाई?"

मी समजावून सांगितलं, पण तिला पटलं नाही. जाताना तात्यांना बाजूला घेऊन म्हणाली, "कोमट तेल घाला रोज. गुणी पोरगं हाय!"

*

तात्यांची सवय घरीही सुटत नसे. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला होतो. काकूंनी वरणभात वाढला. तात्यांनी चार शितं तळहातावर घेतली, बोटानं पसरली, उजेडाकडे धरली आणि तुटलेली शितं एका बाजूला सारली.

काकू वाढायचं पातेलं घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "कितवा नंबर?"

"दुसरा," तात्या तंद्रीत बोलून गेले.

काकूंनी तात्यांचं ताट उचललं आणि आत नेलं. "पहिला नंबर डेपोत मिळतो म्हणे. तिथंच जेवा!"

त्या दिवशी तात्या ताक पिऊन कामावर आले. मी भरपेट जेवलो होतो. मला कुणी काही विचारलं नव्हतं.

*

वेल्ह्याकडचा एक धनगर नाचणी घेऊन आला होता. तात्यांनी नाचणीचे दोन ढीग घातले आणि मला विचारलं, "यातला सरस कुठला?" मी वास घेतला, चोळून पाहिलं, चावून पाहिलं. काही केल्या ठरेना. तेवढ्यात धनगराची शेळी पुढं आली आणि तिनं डावीकडच्या ढिगात सरळ तोंड घातलं.

"बरोबर!" तात्या म्हणाले.

धनगरानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा शेळीकडं. "सायेब, मग हिलाच कायम करा की! चाऱ्यावर ऱ्हाईल."

*

शेवटी तो दिवस आला. तात्या म्हणाले, "आजची पहिली गाडी तू एकट्यानं तपासायची. मी मागं उभा राहणार. बोलणार नाही."

गाडी आत वळली. गाडी हाकत होते मारुतीअण्णा. मागं पोत्यांवर त्यांची मुलगी बसली होती; भोरला मावशीकडं निघाली होती म्हणे. तात्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मी पोत्यात खोल हात घातला. वरचं भात कोरडं, आतलं गार लागलं. एक दाणा सोलून दाताखाली धरला. कट् असा आवाज यायला हवा होता, तो नुसताच चेपला. पास करावं तर मागं तात्या, परत करावं तर पुढं अण्णा! माझ्या घशाला कोरड पडली. पोत्यात मात्र ओल होती.

"अण्णा, भात ओलं आहे. घेता येणार नाही," मी म्हणालो.

अण्णांचा चेहरा लाल झाला. "आजवर माजं भात कुनी मागं धाडलं न्हाई! सोयरीक करायची तुला, आन् माजीच गाडी फिरवतोस व्हय?"

तात्यांनी चमकून माझ्याकडं पाहिलं. मला रडू यायचंच बाकी होतं, पण मी शब्द फिरवला नाही.

"कायम," तात्या मागून एवढंच म्हणाले.

"कायम झाला तर झाला!" अण्णा कडाडले. "माज्या दारात पाय ठिवायचा न्हाई!"

तेवढ्यात मुलगी गाडीवरून खाली उतरली. तिनं त्याच पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, एक दाणा सोलून चावला आणि टाकून दिला. मग पोत्याचं तोंड बांधत म्हणाली, "चला बा. भाताला आजून दोन उनं दावू. आन् ह्यास्नी हो म्हनून टाका!"