कूलंटची टोटी

वाहती टोटी दिसली की माझा हात आपोआप ती पिळतो. झाशीच्या उन्हाळ्यात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. नळाला आमच्या मराठी घरातही टोटीच म्हणतात आणि "टोटी बंद कर गं" हे आईनं दिवसातून दहादा म्हणायचं वाक्य.

कारखान्यात याच हातानं माझा घात केला. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर मी एकटीच बाई. अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात खोल खाच पाडायची होती आणि दोन दिवसांत तीन कटर मोडले, तिन्ही त्याच खोलीवर. फोरमन म्हणाले, "बिन्नू, कल दोपहर तक पीस नहीं निकला, तो परसों से स्टोर में बैठना." स्टोरमध्ये बसायला मी मशीन शिकले नव्हते! प्रोग्राम, कटर, धातू, सगळ्यांना मी मनातल्या मनात शिव्या घातल्या.

सकाळी मोडका कटर नीट पाहिला. त्याच्या धारेत अॅल्युमिनियम वितळून चिकटलं होतं. म्हणजे कूलंट, ते दुधासारखं पांढरं थंड पाणी, खाचेच्या तळाशी पोचतच नव्हतं. कूलंटची टोटी पाहिली तर अर्ध्याहून जास्त बंद! कुणी केली म्हणून भांडायला वळले आणि माझाच हात आठवला. येता-जाता मीच ती पिळत होते. खरं तर ते पाणी खालच्या टाकीत पडून पंपानं पुन्हा वर येतं, वाया जातच नाही. डोक्याला हे पाठ होतं, हाताला नव्हतं.

टोटी एकदम पूर्ण उघडली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! धार कटरच्या वरच आपटून फुटली आणि काचेचं दार पांढरं झालं. मग थोडी मागे घेतली, टोटीची नळी खाली वळवली. धार थेट खाचेत पडली आणि कीस चकाकत बाहेर वाहू लागला. टोटी जिथवर उघडली होती त्या जागी मी लाल नेलपॉलिशची रेघ ओढली.

बाराच्या आत पीस तयार. फोरमननी तो दोनदा मापला, मी रेघ दाखवली ती पाहिली आणि पीस घेऊन गेले. मला नाचावंसं वाटत होतं.

दुपारी दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर आला. तोही झाशीचाच. मशीन सुरू होताच त्याचा हात टोटीकडे गेला.

"हाथ मत लगइयो!" फोरमन लांबून ओरडले. "बिन्नू का निशान है."