मामींचा वेल

बागेतली नोकरी संपली तरी माळीमामांची बोटं गप्प बसत नसत. कुणाच्याही कुंपणाशी गप्पा मारता मारता वाळकी पानं खुडायचे. स्वतःच्या दारातल्या निळ्या फुलांच्या वेलाला मात्र हात लावत नसत. तो मामींचा. लग्न झाल्यावर मामांनी बागेतून एक फांदी आणली आणि मामींनी ती भिंतीशी लावली.

वेल फुलायचा, पण शेंग धरायचा नाही. बी धरायला त्याला स्वतःचा पराग चालत नसे आणि गल्लीतले सगळे वेल त्याच्याच फांद्यांचे, म्हणजे त्यांचा परागही तोच. मामींनाही मूल झालं नाही. "मी नि हा वेल सारखेच," म्हणून त्या हसायच्या आणि येईल त्याच्या हातावर एक फांदी ठेवायच्या.

मामी गेल्या, आणि त्यानंतरच्या पहिल्याच बहरात वेल शेंगांनी लगडला. मामा हरखून गेले. वनखात्यातल्या भाचीला कौतुकाने बोलावलं, तर ती त्यांना ओढ्याकाठी घेऊन गेली. तिथं त्याच निळ्या फुलांच्या वेलांखाली दबून झाडं उभी वाळली होती.

"कुणीतरी टाकलेली फांदी इथं रुजली, मामा. एखाद्या फुलाला चुकून स्वतःचाच पराग चालला, त्या बीच्या रोपांनाही चालायला लागला. जोडीदार नसताना जो बी धरतो, त्याचंच इथं फावलं. आता यांचा पराग मधमाश्या आपल्या वेलावर आणतात, आणि तो त्याला चालतो. शेंगा फुटायच्या आत सगळे वेल काढायचेत. आपलाही."

"हिला जाऊन वर्ष नाही झालं गं."

"माहीत आहे. माणसं पाठवू?"

"नको. परक्याचा हात नको लागायला."

दुसऱ्या दिवशी मामांनी स्वतः कुदळ घेतली. मूळ मनगटाएवढं जाड होतं, सुटता सुटेना. शेंगा त्यांनी आधीच एकेक करून पोत्यात भरल्या होत्या. तेवढ्यात समोरच्या घरातली नवी सून आली.

"मामा, मामींनी मला एक फांदी कबूल केली होती. राहूनच गेलं बघा."

मामांच्या बोटांनी सवयीने डोळा असलेली फांदी खुडलीसुद्धा. हात पुढे झाला आणि तिथंच थांबला.

"नाही देता येणार, बाळ."

त्या दारातून फांदीसाठी 'नाही' असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. पोरगी ओशाळून निघून गेली. मामांनी ती फांदीही पोत्यात घातली, तोंड घट्ट बांधलं, मूळ उपटून वेल खाली उतरवला, आणि मामी गेल्या तेव्हा न आलेलं रडू त्यांना आत्ता उघड्या भिंतीशी बसून आलं.