सही सुनंदाची, वाक्य माझं

"सर, ही प्रेस नोट वापस मागवा," सुनंदा म्हणाली. तिच्या हातात नोटेची कार्बन कॉपी होती.

नोट दुपारीच तीन वर्तमानपत्रांकडे गेली होती. प्रेस नोट म्हणजे आपली बातमी आपणच लिहून पेपरला द्यायची. जाहिरातीचा खर्च वाचतो, आणि लोकांना वाटतं पेपरनेच कौतुक केलं. सत्तरच्या दशकात नागपुरातल्या एका मोठ्या साड्यांच्या दुकानाचा मी पब्लिसिटी ऑफिसर होतो. आजच्या भाषेत फॅशन पीआर. सुनंदा बी.ए. होऊन नुकतीच माझ्या हाताखाली आली होती. घरचे मास्तरकी कर म्हणत होते, ती भांडून या लाइनमध्ये आली.

"काय झालं?"

तिने एका ओळीवर बोट ठेवलं. दसऱ्याच्या रंगीत साड्यांसाठी मी लिहिलं होतं, 'सणासुदीला पांढरी साडी नेसून कोणी घराबाहेर पडतं का?' लिहिताना स्वतःवरच खूष झालो होतो.

"माझी आई पडते, सर. मावशी पडते. दसऱ्याले आमची अख्खी वस्ती पांढऱ्या साड्या नेसून दीक्षाभूमीवर जाते."

मी जन्माचा नागपूरकर. दर दसऱ्याला त्या रस्त्यावर स्कूटर थांबवून मी गर्दी ओसरायची वाट पाहिलेली. डोळ्यांदेखत इतक्या बाया पांढऱ्या साडीत गेल्या, आणि लिहायला बसलो तेव्हा एकही आठवू नये? त्या माझ्या खिजगणतीतच नव्हत्या. हे कळलं तेव्हा बसलेला हादरा अजून गेलेला नाही.

मग तिचं बोट खाली गेलं. नोटेखाली तिची सही होती.

आमच्याकडची रीतच तशी. मजकूर साहेबाचा, सही ज्युनियरची. म्हणजे पेपरवाल्यांचे फोन ज्युनियरकडे जातात, साहेबाची कटकट वाचते. आदल्या दिवशी मीच कागदांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला होता आणि वर म्हणालो होतो, "वाचत काय बसलीस? कर सही."

शेठजींकडे धावलो. ते हसले. "छपू द्या हो. पांढरं नेसणाऱ्या बाया आपल्या दुकानात कुठं येतात?"

काउंटरवरचे जुने सेल्समन नामदेवराव तिथेच उभे होते. "काय बोलून राहिले शेठजी? दसऱ्याच्या आधी पांढऱ्या साड्यांचे गठ्ठे कोण नेते मंग?"

शेठजी ताडकन उठले. "अरे बाप रे! जा, जा लवकर!"

सुनंदाने आणि मी रिक्षा केली. दोन ठिकाणी नोट टेबलावरच पडून होती, ती मिळाली. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत दिवेलागण झाली. उपसंपादक म्हणाले, "शहराच्या अंकातून काढतो. डाक आवृत्ती गेली." डाक आवृत्ती म्हणजे बाहेरगावचा अंक. तो आधी छापून गाडीने रवाना होतो. भंडाऱ्यालाही जातो, आणि सुनंदाची मावशी भंडाऱ्याची. बातमीच्या शेवटी छापलं होतं, 'असे प्रसिद्धी विभागाच्या', आणि पुढे तिचं पूर्ण नाव.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच्या नावाने खुलासा दिला. वाक्य माझं, चूक माझी. शेठजी चिडले, पण मी ऐकलं नाही. खुलासा आतल्या पानावर, तळाशी कुठेतरी आला.

दसरा झाला आणि सुनंदा आली ती राजीनामा घेऊनच. मावशी कात्रण घेऊन आली होती. भरल्या घरात, सगळ्या बायांदेखत तिने विचारलं, "हे तू लिवलं काय वं?"

"मग माझं नाव सांगितलंस ना?" मी म्हणालो.

"नाही सर. सही माझी होती."

"अगं, पण तो खुलासा?"

"तो कोणी वाचलाच नाही, सर."

पुढे ती शिक्षिका झाली, असं ऐकलं. चांगली लिहायची पोरगी.

आता पदवी घेतलेली मुलंमुली विचारतात, फॅशन पीआरमध्ये यावं का? जरूर यावं. काम मजेचं आहे, डोकं चालतं राहतं. मुलाखतीत पगार विचारा, सुट्ट्या विचारा. पण त्याआधी विचारा, लिहितं कोण आणि सही कोण करतं? साहेब हसून "ते नंतर बघू" म्हणाला, तर उठा. मी तसाच हसायचो.