बाबांचा मोठ्या आवाजाचा फोन

बाबांनी वसमतच्या दुकानातला सगळ्यात स्वस्त स्मार्टफोन घेतला आणि वर मलाच ऐकवलं, "तुझ्या फोनपेक्षा भारी हाय." भारी म्हणजे काय, तर बॅटरी दोन दिवस जाते, टॉर्च गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत पडतो, रेडिओ लागतो आणि हळदीच्या पानावर डाग दिसला की फोटो काढून औषधवाल्याला पाठवता येतो. पण खरी गोष्ट वेगळीच होती. त्या फोनचा आवाज! स्पीकर लावला की आमच्या गल्लीत कुणाला वेगळा फोन ठेवायची गरज नव्हती.

बाबा फोन कधीच कानाला लावायचे नाहीत. आरशात तोंड बघावं तसा तोंडासमोर धरायचे आणि ओरडून बोलायचे. मी हिंगोलीत शाळेवर शिकवते. रोज संध्याकाळी माझा फोन जायचा आणि माझा संसार गावच्या चव्हाट्यावर यायचा. एकदा सासूबाईंबद्दल जरा तिखट बोलले, तर पुढच्या वेळी गावी गेल्यावर शेजारची काकू म्हणाली, "सासूनं भाजीत मीठ कमी टाकलं तर एवढं काय चिडावं बाई?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भाजीचं मी फोनवर फक्त बाबांना सांगितलं होतं, आईलासुद्धा नाही.

बाबांचं मोठ्यानं बोलणं आम्हाला नवं नव्हतं. हळद शिजवून वाळवली की ती लोखंडी ड्रममध्ये घालून फिरवतात, म्हणजे वरची साल घासून जाते आणि तिला चकाकी येते. तो ड्रम ट्रॅक्टरवर चालवायचं काम बाबांनी गावोगाव केलं. लग्नाआधी मी डबा घेऊन जायची तेव्हा त्या खडखडाटात "जेवून घ्या" एवढं सांगायलाही हातवारे करावे लागायचे. ड्रमवरची सगळीच माणसं घरी आल्यावरही ओरडून बोलतात. सवय, असं आम्ही म्हणायचो आणि हसायचो.

शेवटी मीच उपाय काढला. नवऱ्याने मला नवा फोन घेतला तेव्हा माझा जुना, चांगल्यातला, महागाचा फोन बाबांना नेऊन दिला. त्यात त्यांचं सिम घातलं, दरमहाचा रिचार्ज मारला आणि बजावलं, "आता माणसासारखं कानाला लावून बोलायचं." स्वतःचा मोठ्या आवाजाचा फोन त्यांनी टाकला नाही. गोठ्यात खुंटीला टांगून त्यावर रेडिओ ऐकायला लागले.

त्यानंतर आमचं बोलणं एकदम सभ्य झालं. मी बोलायची, बाबा म्हणायचे, "व्हय, व्हय. बराबर हाय." मी खूश. वडील सुधारले म्हणून शाळेत सांगत सुटले.

त्याच दिवसांत माझ्या हाताला गळ्यावर एक गाठ लागली. (ती पुढे अगदी साधी निघाली, म्हणून हे हसत लिहिता येतंय.) डॉक्टर म्हणाले, सोमवारी सुई घालून तपासू, घरचं कुणीतरी सोबत आणा. नवरा ट्रेनिंगला बाहेरगावी. आईला सांगितलं असतं तर तिने तपासणीआधीच रडून घर डोक्यावर घेतलं असतं. मला बाबाच हवे होते. लहानपणी दात काढायलासुद्धा मी त्यांचाच हात धरून गेले होते. वर्गात चाळीस पोरांना गप्प करणारी मी, पण त्या दिवशी फोनवर आवाज फुटेना. हळूच सांगितलं, "बाबा, आईला सांगू नका. गळ्याला गाठ आहे. सोमवारी दहाच्या आत हिंगोलीच्या स्टँडवर या. मला भीती वाटतेय."

"व्हय, व्हय. बराबर हाय," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

सोमवारी मी स्टँडवर वसमतच्या तीन गाड्या बघितल्या. बाबा एकीतूनही उतरले नाहीत. फोन केला तर उचलला नाही. एकटी दवाखान्यात गेले, तर डॉक्टरांनी गुरुवारची वेळ दिली आणि परत म्हणाले, सोबत कुणीतरी हवं. मला इतका राग आला की रडूही आलं. लेकीने भीती वाटते म्हणावं आणि बापाने यायचंही नाही? मंगळवारी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी भांडायला गावी निघाले. एसटीत बसल्या बसल्या काय काय बोलायचं ते सगळं ठरवलं.

बाबा गोठ्यासमोर बाजेवर बसले होते, माझ्याकडे पाठ करून. मी फाटकातून हाक मारली. उत्तर नाही. दुसरी हाक, तिसरी हाक. म्हटलं, मुद्दाम तोंड फिरवून बसलेत. मग मीही हट्टाने तिथेच उभं राहून त्यांना फोन लावला. बाजेवर फोन वाजायला लागला, मला फाटकातून ऐकू येत होता. बाबा शांत. मग त्यांची नजर सहज उजळलेल्या स्क्रीनवर गेली. त्यांनी घाईने फोन उचलला आणि मी शिकवलं होतं तसा कानाला लावला.

"बाबा," मी म्हणाले, "मी तुमच्या मागं उभी हाय."

"व्हय, व्हय," बाबा म्हणाले. "बराबर हाय."

एसटीत पाठ केलेलं सगळं भांडण मी तिथेच सोडून दिलं. मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं आम्ही त्यांच्या ओरडण्याला हसलो आणि त्यांना ऐकू येत नाही हे एकालाही कळलं नाही. कळू नये म्हणून त्यांनीही किती आटापिटा केला असेल! त्यांच्या तोंडावर विचारलं असतं तर त्यांनी मलाच वेड्यात काढलं असतं. मी समोर गेले, पाणी प्यायले, आणि "या फोनला रेंज नाही" असं ओरडून सांगत त्यांचं सिम परत गोठ्यातल्या जुन्या फोनमध्ये घातलं. तो त्यांच्या हातात दिला, गोठ्यामागे गेले आणि तिथून फोन केला. बाबांनी स्पीकर लावला.

"बाबा, माझ्या गळ्याला गाठ हाय," मी ओरडले. "गुरवारी तपासणी हाय. मला लई भ्या वाटून राहिलं. तुमी संगं चला."

सगळ्या गल्लीनं ऐकलं. काकू भिंतीवरून डोकावली, आई पिठाच्या हातानं बाहेर आली. बाबा तर फोन तसाच सोडून गोठ्याला वळसा घालून माझ्यासमोर आले. "अगं माय, मला आधी काहून न्हाई सांगितलं?"

मी त्यांच्या कानाजवळ गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "राहून गेलं."

गुरुवारी बाबा पहाटेच्या गाडीने आले, इस्त्रीचं धोतर नेसून. डॉक्टर तोंडाला मास्क लावून, खाली बघत, हळू आवाजात समजावून सांगायला लागले. मी बाबांकडे बघितलं. आता "व्हय, व्हय" म्हणतील असं वाटलं. पण बाबांनी खुर्ची पुढे ओढली, माझा हात धरला आणि पहिल्यांदाच, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "साहेब, जरा मोठ्यानं बोला. मला ऐकू येत न्हाई. आन हे मला नीट ऐकायचं हाय."