समोरच्या दाराकडे तोंड केलेले फलक

मंडळाच्या ऑगस्टमधल्या प्रदर्शनासाठी बाबांनी महिनाभर खपून युद्धकाळातल्या त्या नेत्यावर सहा फलक केले. सोडलेली मोठी नोकरी, तुरुंग, वेषांतर, मग इथे सिंगापूरला येऊन हाती घेतलेली फौज. इंग्रजी मजकूर मी तपासला. स्पेलिंगं पाहिली, फोटो नीट पाहिले नाहीत.

फ्लॅटमध्ये फलक मावेनात. आई म्हणाली, "कॉरिडॉरमध्ये ठेवा, भिंतीकडे तोंड करून."

"एवढा मोठा माणूस, भिंतीकडे तोंड?" बाबा म्हणाले. " वर्गात दंगा केलाय का त्याने?"

म्हणून ते समोरच्या दाराकडे तोंड करून उभे राहिले.

समोर आंटी राहते. नव्वदीला टेकलेली, चिनी, एकटी. लहानपणी शाळेतून आल्यावर मी तिच्याकडेच असायचे. आता तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि सकाळ-संध्याकाळ डोळ्यात थेंब मी घालत होते. एकही वेळ चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

फलक बाहेर ठेवले त्या संध्याकाळी तिने लाकडी दार उघडलं, बाहेरचं जाळीचं नाही.

"नो नीड लाह." थेंब नकोत.

सकाळीही तेच. डोळा लाल झाला होता. ती माझ्या मागे बघत होती, म्हणून मी वळले. चौथ्या फलकावर नेता सलामी घेत होता. शेजारी जपानी अधिकारी.

युद्धात जपान्यांनी सिंगापूर घेतलं तेव्हा आंटीच्या वडिलांना त्याच वर्दीतल्या माणसांनी लॉरीत घालून नेलं. ते परत आले नाहीत. तिने हे मला एकदाच सांगितलं होतं आणि मी घरी कधी बोलले नव्हते. घरी मी फारसं बोलत नाही.

त्या दिवशी बाबांना सांगितलं.

"ते वेगळे गं. हा वेगळा."

"फोटोत एकत्र आहेत, बाबा."

त्यांनी एकेक फलक उचलून बेडरूममध्ये नेला. मी पुन्हा बेल वाजवली. आंटीने जाळीतून रिकामा कॉरिडॉर पाहिला.

"कुठे गेले?" तिने इंग्रजीत विचारलं.

"आत. रविवारी हॉलवर नेणार."

"लोक टाळ्या वाजवणार?"

नाही म्हणता आलं असतं.

"हो," मी म्हणाले.

तिने दार लावून घेतलं.

सोमवारी एक अनोळखी नर्स तिला लिफ्टकडे घेऊन चालली होती. डोळ्यावर जाड पट्टी होती. मी आमच्या दारात उभी होते. आंटीने भिंतीला हात लावत वाट काढली, पण माझ्याकडे मान वळवली नाही.