ग्रुप ४१२

सून घरूनच काम करते. एका कंपनीच्या चित्रांची भली मोठी फाईल आहे आणि दहा गावची माणसं एकाच वेळी तिच्यात हात घालतात. पसारा होणारच. तो आवरायला तिने वरून एक टूल जोडलंय. परवा मी शेजारी चहा पीत बसलो होतो, तेव्हा त्या टूलने यादीच काढली आणि विचारलं, हे कुठेच वापरात नाही, काढून टाकू का?

यादीत एक रांगोळी दिसली. आमच्या हिच्या हातची. ती गेली त्याच्या आधीच्या दिवाळीत सुनेने नक्षीसाठी फोटो काढून फाईलीत घेतली होती. खाली नावाच्या जागी कॉम्प्युटरने आपोआप टाकलेला नुसता नंबर होता, 'ग्रुप ४१२'.

"काढ की. कामाची नाही तर कशाला ठेवायची?" मी म्हणालो.

"मग दारातल्या आईंच्या चपला कोणाच्या कामाच्या आहेत, बाबा?"

ज्याला नाव नाही ते आधी केरात जातं. झाडणाऱ्याचा दोष नसतो, त्याला बिचाऱ्याला माहीतच नसतं.

"नाव देते, म्हणजे कोणी उडवणार नाही. पण 'आईंची रांगोळी' लिहिलं तर ऑफिसातले विचारतील, कोणाची आई? तुम्हीच सांगा काय लिहू."

जन्मभर मी हिला 'अगं' म्हणूनच हाक मारली. नाव घेतलं ते एकदाच, लग्नात, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून.

"इंदू," मी म्हणालो. "इंदूची रांगोळी, असं लिही."

या वेळी दार कोणी अडवलं नव्हतं.