सरजाबाईची पांढरी पातळं

आमच्या दहावीच्या बॅचचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. सकाळी गुड मॉर्निंगची फुलं, दुपारी गुडघेदुखीचे उपाय, एवढाच त्याचा उद्योग. मागच्या महिन्यात तिथं कुणाला तरी शाळेतल्या कपड्यांची उबळ आली. झालं! निळे परकर, पांढरी पोलकी, लाल रिबिनी... साठीला टेकलेल्या बाया हुंदके द्यायला लागल्या. "किती साध्या होतो गं आपण!" मग एकीनं लिहिलं, "नवा जिल्हा झाला तेव्हा पांढऱ्या साड्या नेसलो होतो, आठवतं? एकमेकींच्या साड्या नेसायचो. तेव्हा जातपात नव्हतीच मुळी."

मी नांदेडला घरी चहा पीत होते, तो नाकातून आला. एकमेकींच्या म्हणे! त्या साड्या माझ्या मायच्या पेटीतल्या होत्या. पण सरजाबाई कोण, हे ग्रुपात विचारून बघा. "ती खडी फोडणारी होय?" याच्यापुढं कुणाची गाडी जायची नाही. म्हणून मीच सांगते.

माझी माय सरजाबाई. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नाही, पण तिच्या तोंडाला भलेभले टरकून असायचे. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. मी पाच वर्षांची, लिंबाखाली पोत्यावर बसून असायची. माझी थोरली बहीण नागु तेव्हा आठवीत होती, गावातल्या मुलींच्या हायस्कुलात. अख्ख्या वस्तीत आठवीत पोचलेली ती एकटी पोर. त्या साली कापड घ्यायची कुणाची ऐपत? कामावर मदतीचं पीठ यायचं, त्याच्या कापडी पिशव्या मायनं उसवल्या आणि नागुआक्काला पांढरं पोलकं शिवलं. राखेनं घासलं, उन्हात टाकलं, तरी पाठीवरची छापील अक्षरं काही जाईनात.

शाळेत पार्वतीबाई नावाच्या शिक्षिका होत्या. त्यांनी नागुआक्काला वर्गात उभं केलं, पाठमोरी वळवली आणि म्हणाल्या, "हे पोलकं आहे की पोतं?" वर्ग फिदीफिदी हसला. तिला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी गेली, तर पुन्हा दारातूनच परत. मग ती गेलीच नाही. पुढच्या साली तिचं बिलोलीकडं लग्न लावून दिलं. माय आयुष्यभर सांगायची, "माझी पोरगी नापास झाली न्हाई. तिचं पोलकं नापास झालं."

दहा वर्षांनी मी त्याच शाळेत दहावीला होते आणि त्याच पार्वतीबाई मोठ्या बाई होऊन बसल्या होत्या. त्या साली उस्मानाबादेतून सुटून लातूर जिल्हा झाला. काय तो थाट! पानटपरीवाल्याचीसुद्धा मान ताठ. जूनमध्ये दोन सरी पडल्या आणि पावसानं जे तोंड लपवलं ते लपवलंच. विहिरी कोरड्या, टँकरभोवती घागरींची मारामारी. नळाला पाणी नव्हतं, पण जिल्हा होता! नव्या जिल्ह्याचे साहेब तालुक्याला येणार, शाळेत सत्कार होणार असं ठरलं. पार्वतीबाईंनी कुठल्या तरी मासिकात कसल्याशा शाळेचा फोटो पाहिला होता. त्यांनी हुकूम सोडला, "दहावीच्या सगळ्या मुली पांढरी साडी नेसून येतील."

आता हे डोकं कुणाचं म्हणायचं? आमच्या गावात कुवारणीच्या अंगावर पांढरी साडी? अडतवाल्यांची गौरम्मा, माझ्या वर्गातल्या एकीची आई, कपाळावर हात मारून म्हणाली, "अय्यो, आमच्यात पांढरं एकदाच नेसत्यात, नवरा गेल्यावर!" पण हे बाईंच्या तोंडावर सांगायची एकीचीही छाती झाली नाही, कारण साहेबांपुढं आपलीच लेक दिसावी ही हौस प्रत्येकीला. मग सुरू झाली शोधाशोध. गौरम्मा कापडवाल्या फारूकभाईकडं गेली, तर तो हसून म्हणाला, "पांढरी साडी माझ्याकडं उरतच न्हाई भाभी. जेवढी मागवली तेवढी सरजाबाईचं मंडळ घिऊन गेलं. तिच्याकडं जावा."

खरंच होतं ते. आमच्या वस्तीत छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून विहारात जायचं तर पांढरं नेसायची रीत. मायनं वस्तीतल्या बायांचं मंडळ केलं होतं; त्यांच्या मागं लागून, मजुरीतून थोडं थोडं बाजूला काढायला लावून पांढरी सुती पातळं घेतली होती. तिच्या पत्र्याच्या पेटीत ती घडी घालून असायची. पौर्णिमेला निघायची, धुवून परत पेटीत. माझी माय त्या पेटीला जेवढी जपायची तेवढी मला जपत नव्हती.

आणि मग ज्यांनी आमच्या वस्तीची वाट कधी तुडवली नव्हती, त्या बाया एकेक करून यायला लागल्या. गौरम्मा अंगणाच्या बाहेर उभी, पदर नाकाला. म्हणाली, "सरजे, हातात नगं देऊ. वरून टाक."

माय म्हणाली, "का वो? पातळ अंगाला चालतंय, हात चालत न्हाई व्हय?"

गौरम्मानं पातळ वरच्यावर झेललं. शेवटी खुद्द पार्वतीबाई आल्या, कमी पडणाऱ्या साड्या मागायला. मायनं पेटीच्या झाकणावर हात ठेवला. "देते. पर माझी भीमा पहिल्या रांगेत उभी ऱ्हाईल, आन् सायबाच्या गळ्यात हार तिच्या हातानं पडंल. बोला."

"हाव, हाव. दिला शब्द," बाई म्हणाल्या.

मंडळातल्या बाया मायवर चिडल्या. "कशाला देतीस गं त्यांला? इटाळ मानणाऱ्या रांडा!" माय म्हणाली, "नागुला ज्या दारातून हाकललं, त्या दारात माझी धाकटी हार घिऊन उभी ऱ्हाऊ द्या. मला दुसरं काय बी नगं." मला तेव्हा कळलं, की हा हार माझ्यासाठी नव्हताच. तो नागुआक्काचा होता.

पुढं जे झालं ते आमच्याच गावात होऊ जाणे. पातळं स्वच्छ होती, बगळ्याच्या पिसासारखी. पण आमच्या घरची! तशीच लेकीच्या अंगाला कशी लावायची? ती धुवून, शुद्ध करूनच घ्यायला पाहिजेत. आणि पाणी तर प्यायला नाही. मग घरोघरी, शेजारणीला कळू न देता, प्रत्येकीनं जपून ठेवलेल्या पाण्यातली घागर काढली. पातळ बुचकळलं. आमचा हात लागलेला सगळा निघून जावा म्हणून पुडीच्या पुडी नीळ त्यात ओतली. पाणी घोटभर, नीळ पसाभर, दुसऱ्यांदा खळबळायला थेंब नाही. काय होणार? पातळं वाळली ती निळीशार! कुठं डाग, कुठं ढग, पण निळीच. प्रत्येकीला वाटलं, आपलंच पातळ बिघडलं, गर्दीत खपून जाईल.

सत्काराच्या सकाळी मैदानात मांडव घातला होता. एका अंगाला सतरंजीवर गावातल्या आया आणि अगदी कडेला, उन्हात, माय. मी कांजी केलेलं पांढरं पातळ नेसून, हार घेऊन पहिल्या रांगेत उभी होते. मग एकेक मैत्रीण यायला लागली. एक निळी. दुसरी निळी. तिसरी तर मोरपिशी! माझं हसू मावेना. आया एकमेकींकडं बघायला लागल्या आणि सगळ्यांना सगळ्यांची घागर कळली.

पार्वतीबाईंनी रांग पाहिली. त्यांचा चेहरा पडला, मग तापला आणि तो ताप निघाला माझ्यावर. "भीमा, तू एकटीच पांढरी. सगळी रांग बिघडून राहिली. मागं जा. हार दे इकडं." त्यांनी माझ्या हातातला हार काढला आणि गौरम्माच्या लेकीला दिला. म्हणजे बघा! पांढरं नेसा म्हणून सांगितलं, पांढरी नेसून आलेली मी एकटी, आणि मीच वंगाळ. मी मांडवाच्या मागं गेले. मला रडू फुटलं, आणि रागही इतका आला, की ते पातळ तिथंच फेडून टाकावं वाटलं.

तेवढ्यात माय उठली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. सतरंजीवरून, सगळ्या आयांच्या मधून, कुणाला धक्का लागतो याची पर्वा न करता ती चालत आली. तिनं माझा हात धरला आणि मला परत पहिल्या रांगेत आणून उभं केलं.

"बाई," ती पार्वतीबाईंना म्हणाली, आणि खडी फोडणाऱ्या बाईचा आवाज तो, अख्ख्या मैदानानं ऐकला. "रांग बिघडली न्हाई. निळा रंग आमचाच हाय. ह्या पोरी आमची पातळं नेसून, आमच्या रंगात उभ्या हाईत. आता समद्या माझ्याच लेकी." मग रांगेकडं वळून हात जोडले. "जयभीम, पोरींनो!"

गौरम्माची लेक वळणाची पोर. मोठ्यांनी हात जोडले की उलट नमस्कार करायची तिला सवय. बिचारीच्या तोंडून निघून गेलं, "जयभीम, मावशी."

"अय्यो!" गौरम्मा किंचाळली. धावत आली, लेकीच्या हातातला हार खुर्चीवर फेकला आणि तिला दंडाला धरून ओढत फाटकाबाहेर घेऊन गेली. ती गेली म्हणून दुसरी उठली, दुसरी गेली म्हणून तिसरी. साहेबांपुढं लेक दिसावी म्हणून ज्यांनी आमचं अंगण गाठलं होतं, त्या सगळ्या लेकींना फरफटत घेऊन चालल्या. पार्वतीबाई "अहो, थांबा, अहो" करत फाटकापर्यंत पळाल्या. तिथंच त्यांना जीप दिसली.

त्या परत पळत आल्या. खुर्चीवरचा हार उचलला आणि माझ्या हातात कोंबला. "भीमा, पुढं हो बाळा, पुढं हो." बाळा म्हणे!

साहेब उतरले. एवढा मोठा मांडव, पताका, आणि रांगेत मी एकटी. त्यांनी विचारलं, "बाकीच्या मुली कुठं आहेत?"

माझ्या पाठीमागून माय म्हणाली, "धुवायला गेल्यात, सायेब. गावात प्यायला पाणी न्हाई. पर आमचा रंग धुवायला ह्यांच्याकडं हाय."

साहेबांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, मग मान खाली वाकवली, आणि मी हार घातला.